तांबडी लोकर

आउने म्हणाली, "कॉफी घे, आणि वाटेत बसू नकोस."
मी लाकडांच्या पेटीशेजारी स्टूल ओढलं,
मांडीवर फळी, फळीवर तिच्या स्वयंपाकघराचा नकाशा,
चुलीच्या जागी एक खिळा, मोरीच्या जागी एक,
कपाट, बादली, टेबल, दार,
आणि हातात तांबड्या लोकरीचा गुंडा.
ती चालेल तसा धागा चालवायचा.
कुओपिओच्या वर्गात असंच शिकवलं होतं:
आधी बाईची पावलं मोजा, मग करवत उचला.

सकाळी सहाला धागा सुटला.
चूल, बादली, चूल.
काळ्या पावाचं पीठ कपाटात, कपाट दाराशी,
परात कपाटाच्या माथ्यावर, त्यासाठी स्टूल,
स्टूल माझ्या बुडाखाली.
उठलो. माझ्यामुळे वाढलेला तिचा तो हेलपाटाही
प्रामाणिकपणे खिळ्याभोवती गुंडाळला.

दुपारपर्यंत खिळे दिसेनासे झाले.
कोळ्यानं दारू पिऊन विणावं तसं जाळं.
दिवेलागणीला उलगडून हिशेब केला,
साडेतीन किलोमीटर आणि वर थोडं.
"तरीच," आउने म्हणाली,
"मला वाटायचं, मी घरीच असते."

रात्री नवा नकाशा काढला.
ओटा कोपराच्या चार बोटं खाली,
तिच्या कोपराच्या, पुस्तकातल्या बाईच्या नव्हे.
मोरीवर बिनतळाचं कपाट:
ताटल्या ओल्याच उभ्या करायच्या,
थेंब आपले आपण खाली, पुसणं बंद.
पीठ गुडघ्याशी, ओढायच्या खणात.
सुरी तिथे, जिथे हात आधीच गेलेला असतो.
चूल आणि मोरी यांत दोन पावलं;
तिसरं टाकावं लागलं, तर माझी मजुरी परत.

एक धागा मात्र कशातच बसेना.
मोरीपासून खिडकीपर्यंत, अकरा वेळा.
खिडकीशी ना फडताळ, ना भांडं, ना काम.
मी त्यावर फुली मारली,
बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, वाया.

आउनेनं चष्मा लावून फुली पाहिली.
काही न बोलता मला दंडाला धरून खिडकीपाशी नेलं.
बाहेर गोठलेलं तळं, पलीकडे
लेम्पीचं घर, धुराड्यातून धूर,
इतका सरळ, की कुणी वरून टांगला असावा.
"सहाला पाहते. कॉफीनंतर. मग अधूनमधून.
धूर नसला की स्की चढवून निघायचं.
दोनदा गेलेय.
एकदा नुसती लाकडं ओली होती."
दुसऱ्या वेळचं तिनं सांगितलं नाही.
मी खोडरबर मागितलं.

मग पीठ मळायचं टेबल खिडकीखाली आलं,
चुलीपासून चांगली चार पावलं.
मजुरी परत द्यायला निघालो, तिनं घेतली नाही.
वर्गात नापास झालो असतो.
उरलेल्या लोकरीचा तिनं मोजा विणला,
एकच; दुसऱ्या पायाला करडी जोडली.

मार्चअखेर लेम्पीचा निरोप आला,
बर्फ धरून आहे तोवर ये.
तळ्यावरूनच चालत गेलो, नवा गुंडा खिशात.
तिला काही हलवायचं नव्हतं.
एक बिजागरी तेवढी कुरकुरत होती.
तेल घातलं, हात पुसले,
तेव्हा खिडकीपुढची जमीन दिसली:
पाईनच्या फळीत दोन उथळ खळगे,
शेजारी शेजारी, बायकी पावलांच्या मापाचे.
मी त्यांत उभा राहिलो. बूट मावले नाहीत.

"थोडा डावीकडे झुक," लेम्पी मागून म्हणाली,
"ती बर्च वाढलीय. आउनेचं धुराडं
आता निम्मंच दिसतं.
पुढच्या खेपेला कुऱ्हाड घेऊन ये."